मागाची मातीची वजनं: नक्षी बघायच्या आधी काटा आणि फुटपट्टी घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे: जर्मनीत राहणारे एक दादा सुट्टीत ग्रीसला गेले होते, तिथे प्राचीन कोरिंथच्या म्युझियममध्ये काचेच्या कपाटात मातीचे भाजलेले छोटे छोटे शंकू बघितले, वरच्या टोकाजवळ आरपार भोक, काहींच्या अंगावर शिक्का. पाटीवर लिहिलेलं, मागाची वजनं. तर एवढ्याशा वस्तूचा मागाला काय उपयोग, जी वस्तू फक्त लटकवायची तिच्यावर शिक्के आणि नक्षी कशाला, आपल्याकडे असं काही होतं का, आणि ऑनलाइन अशी वजनं विकायला दिसतायत तर एखादं घ्यावं का.

मी 22 वर्षं हातमागावर विणते आणि त्यातली शेवटची 9 वर्षं अशा वजनांच्या उभ्या मागावर प्रयोग करतेय, मातीची वजनं स्वतः करून, भाजून, धागे बांधून. त्यामुळे हा प्रश्न वाचल्यावर मला राहवलं नाही, जरा लांबणार आहे, सवडीने वाचा.

आधी माग कसा ते डोळ्यासमोर आणा. दोन उभे खांब, वर एक आडवा दांडा, आणि सगळा सांगाडा भिंतीला जरा तिरका टेकवलेला. खालचा दांडा नाहीच. वरच्या दांड्यावरून ताण्याचे, म्हणजे उभे, धागे सरळ खाली सोडलेले, आणि खाली त्यांचे जुडगे करून प्रत्येक जुडग्याला एक मातीचं वजन. गवंडी ओळंबा सोडतो ना तसं, फक्त एक नाही तर ओळीने पन्नास-साठ ओळंबे. आपल्या खड्डामागावर ताणा आडवा असतो, लांब खुंटीला किंवा खांबाला दोरीने ओढून बांधायचा, दोरी सैल झाली की उठून ताणायची. इथे ते काम गुरुत्वाकर्षण करतं, वजन सतत खाली ओढतंय, धागा ओलाव्याने सैल पडो की उन्हाने आखडो, ताण तेवढाच राहतो. लोकरीला हे फार मानवतं, कारण लोकरीचा धागा ताणला तर लांबतो आणि सोडला तर आखडतो, आणि ग्रीकांचं घरचं विणकाम बहुतांशी लोकरीचंच होतं.

माग तिरका का टेकवायचा तर त्यातच सगळी युक्ती आहे. अर्धे धागे पुढे, अर्धे मागे, मध्ये खाली एक आडवी दांडी. माग तिरका असल्यामुळे मागचे धागे सरळ खाली लोंबतात आणि पुढचे त्या दांडीवरून येतात, म्हणजे बाणा, आडवा धागा, घालायला एक फट आपोआप उघडी राहते. दुसऱ्या फटीसाठी मागच्या प्रत्येक धाग्याला दोऱ्याचा फास घालून ते सगळे फास एका काठीला बांधायचे, ती काठी पुढे ओढली की मागचे धागे पुढे येतात. आपण जिला वही म्हणतो तेच हे, अगदी साध्या रूपातलं. फणी मात्र नाही. फणी नाही म्हणजे धाग्यांमधलं अंतर सांभाळायला दुसरं काहीतरी लागतं, ते काम वरची सुरुवातीची पट्टी करते. ही पट्टी आधी वेगळी विणायची आणि विणताना तिचा बाणा एका बाजूने लांबच्या लांब बाहेर ओढत जायचा, तोच पुढे मोठ्या कापडाचा ताणा होतो. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा दिवसभर नुसती ती पट्टीच करत होते आणि संध्याकाळी जेव्हा ती दांड्याला शिवून सगळे धागे खाली सोडले तेव्हा कळलं की अर्धं काम इथेच झालंय.

आणि विणायचं वरून खाली, बाणा ठोकायचा खालून वर. आपण फणी आपल्याकडे ओढून ठोकतो, तिथे लाकडाची तलवारीसारखी पट्टी फटीत घालून वरच्या बाजूला ठोकतात. उभ्यानेच. रुंद कापड असेल तर बाणा घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचं, प्राचीन ग्रीक कवी होमरच्या काव्यात विणणाऱ्या बाईबद्दल मागापुढे येरझाऱ्या घालणारी असं म्हटलंय ते अक्षरशः खरं आहे, माझ्या पोटऱ्या आणि खांदे साक्षीला आहेत. कापड जसं होत जाईल तसं वरच्या दांड्यावर गुंडाळायचं आणि खाली वजनांपाशी गुंडाळून ठेवलेला जादा ताणा सोडत जायचा.

हे सगळं मी कल्पनेने सांगत नाहीये. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये अथेन्सचं एक छोटं तेलाचं भांडं आहे, जेमतेम 17 सेंटिमीटर उंचीचं, इ.स.पू. 550 ते 530 च्या सुमाराचं, अमासिस चित्रकार म्हणून ओळखल्या जाणाऱ्याने रंगवलेलं. त्याच्यावर दोन बायका अशाच मागापुढे उभ्या आहेत, खाली वजनांची ओळ लोंबतेय, बाजूला कोणी लोकर तागडीत तोलतंय, कोणी सूत काततंय, कोणी तयार कापडाची घडी घालतंय. लोकर तोलण्यापासून घडी घालण्यापर्यंतचं सगळं काम त्या एवढ्याशा भांड्यावर आलंय. इटलीत क्युसीला एक प्याला आहे, साधारण इ.स.पू. 440 चा, त्यावर होमरच्याच काव्यातली पेनेलोपी मागासमोर बसलेली आहे आणि त्या मागालाही वजनं. दिवसा विणायची आणि रात्री उसवायची तीच ती. आणि नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर आणि उत्तरेतल्या सामी लोकांत हा माग 20 व्या शतकापर्यंत चालू होता, तिथे मातीऐवजी दगड बांधायचे. मार्टा हॉफमन या नॉर्वेच्या अभ्यासिकेने तिथल्या बायकांकडून तो समजून घेऊन 1964 मध्ये सगळं लिहून ठेवलं, त्यामुळे आज आपल्याला हातांच्या हालचालीसुद्धा माहीत आहेत.

आता वजनांकडे या. लाकडाचा माग कुजून जातो, धागा कुजतो, कापड तर जातंच, मागे राहते ती फक्त ही भाजलेली माती. म्हणून उत्खननात मागाचा पुरावा म्हणजे बहुतेक वेळा ही वजनंच. आणि इथे माझा मुख्य मुद्दा येतो. लोक वजन हातात घेतात आणि लगेच शिक्का बघायला लागतात. शिक्का नंतर बघा. आधी ते काट्यावर ठेवा आणि मग त्याची जाडी मोजा. हे दोन आकडे मिळाले की कुठलं कापड विणलं जात असेल याचा अंदाज बांधता येतो आणि तो अंदाज नक्षीपेक्षा कितीतरी जास्त बोलतो.

हे कोपनहेगन विद्यापीठातल्या वस्त्रसंशोधन केंद्राने नीट प्रयोग करून दाखवलं, 2005 मध्ये ते केंद्र सुरू झालं आणि 2009 मध्ये त्यांचा वजनांच्या आकाराबद्दलचा लेख आला. कुशल विणकरांना प्रतिकृती दिल्या आणि प्रत्यक्ष विणून घेतलं. हिशेब सोपा आहे, वहीत मांडून बघा. बारीक लोकरीच्या एका धाग्याला समजा 15 ग्रॅम ताण लागतो. वजन 150 ग्रॅमचं असेल तर त्याला 10 धागे बांधता येतील. वजनाची जाडी समजा अडीच सेंटिमीटर. पुढच्या ओळीत एक आणि मागच्या ओळीत एक अशी दोन वजनं समोरासमोर आली म्हणजे अडीच सेंटिमीटरात 20 धागे, सेंटिमीटरला 8. आता वजन तेवढ्याच जाडीचं पण 300 ग्रॅमचं घ्या, धागे दुप्पट, सेंटिमीटरला 16, म्हणजे घट्ट दाट कापड. आणि 300 ग्रॅमचंच पण 5 सेंटिमीटर जाड घेतलं तर परत 8 वर आलात. म्हणून पातळ चकतीसारखं जड वजन दिसलं की मी म्हणते इथे कोणीतरी दाट कापड विणत होतं, आणि जाडजूड गोळा दिसला की विरळ किंवा मग जाड धाग्याचं. धागा जाड असेल तर ताण 30-40 ग्रॅम लागतो, सगळं गणित बदलतं, पण पद्धत हीच.

अजून एक हिशेब, कारण यावरून एकूण भार लक्षात येतो. 75 सेंटिमीटर पन्हा, सेंटिमीटरला 8 धागे, म्हणजे 600 धागे, गुणिले 15 ग्रॅम, 9 किलो. दीडशे ग्रॅमची 60 वजनं. म्हणजे एका मागासाठी पाच-सहा डझन वजनं लागतात आणि म्हणून एखाद्या घरात 8-10 वजनं सापडली तर ती चालू मागावरचीच असं नाही, डब्यात ठेवलेली जादाची किंवा फेकलेली असू शकतात, आणि ओळीने पन्नास-साठ पडलेली सापडली तर तिथे माग उभा होता आणि त्यावर काम चालू असताना काहीतरी घडलं. उत्तर ग्रीसमधलं ऑलिंथस हे शहर मॅसिडोनियाच्या दुसऱ्या फिलिपने इ.स.पू. 348 मध्ये उद्ध्वस्त केलं, त्या घरांमध्ये वजनांचे असे ढीग सापडले आहेत, त्यामुळे घरातल्या कुठल्या खोलीत विणकाम चालायचं हे कळतं. तुर्कस्तानात गॉर्डिओनला इ.स.पू. 800 च्या सुमारास मोठी आग लागली, तिथली वजनं मेदूवड्याच्या आकाराची होती आणि बरीचशी नीट भाजलेलीसुद्धा नव्हती, आगीने ती भाजली गेली आणि म्हणून टिकली.

माझी पहिली खेप पूर्ण फसली होती ते सांगते कारण त्यातून शिकायला मिळतं. मी डोळ्यांच्या अंदाजाने 60 गोळे केले, ओल्या मातीचे साधारण 200 ग्रॅमचे, वाटलं भाजून जरा कमी होतील. सुकून आणि भाजून ते दीडशेच्या आसपास आले, म्हणजे ओल्या मातीचा चौथा हिस्सा हवेत गेला, आणि सगळे सारखे नाही, 110 पासून 190 पर्यंत. मी प्रत्येकाला मोजून 10 धागे बांधले. चार बोटं विणल्यावर कापडाचा काठ धनुष्यासारखा वाकायला लागला, जिथे ताण जास्त तिथे बाणा घट्ट बसला आणि जिथे कमी तिथे ढिला. सगळं सोडून परत बांधलं, या वेळी 190 वाल्याला 12-13 धागे आणि 110 वाल्याला 7, म्हणजे वजन सारखं नसलं तरी दर धाग्याचा ताण सारखा, आणि कापड सरळ आलं. तेव्हापासून उत्खननाच्या अहवालात एकाच संचात कमी-जास्त वजनं दिसली की मला नवल वाटत नाही, विणणारी हातानेच ठरवत होती किती धागे बांधायचे. अजून एक शिकले, धागा थेट भोकातून ओवायचा नाही. भोकात एक जाड दोरीचा फास कायमचा ठेवायचा आणि जुडगा त्या फासाला बांधायचा. जुन्या वजनांच्या भोकाच्या वरच्या कडेला दोरीने घासून झालेली खाच दिसते बघा, भिंगाखाली धरली तर चकचकीत गुळगुळीत लागते, आणि तळाच्या कडा टवके उडालेल्या असतात कारण फट बदलताना वजनं एकमेकांवर आपटतात. तो आवाज, मातीवर मातीचा टकटक आवाज, वहीची काठी ओढली की दर वेळी होतो. संपूर्ण घरात ऐकू जात असणार.

आता नक्षी आणि शिक्के. कोरिंथपासून सुरू करू कारण प्रश्न तिथलाच आहे. तिथे अमेरिकन पुरातत्त्व संस्थेचं उत्खनन 1896 पासून चालू आहे आणि ग्लॅडिस डेव्हिडसन यांनी 1952 मध्ये तिथल्या छोट्या वस्तूंचा जो खंड काढला त्यात या शंकूंचे आकार कालक्रमाने लावले, आधीचे बुटके आणि पसरट, नंतरचे उंच आणि सडपातळ होत गेलेले. म्हणजे तो साधा शंकू काळ सांगायलाही उपयोगी पडतो. त्यांच्यावर जे शिक्के आहेत ते बरेचसे अंगठीतल्या कोरीव खड्याचे ठसे असतात. माती अर्धवट सुकलेली, बोटाला चिकटत नाही पण दाबलं तर खळगा पडतो अशा अवस्थेत, बोटातली अंगठी दाबायची आणि झालं. ग्रीसमध्ये इतर ठिकाणी कानातल्याचे ठसे आहेत, कपडा खांद्यावर अडकवायच्या पिनचे ठसे आहेत, कुठे नखाने केलेल्या रेघा, कुठे सुईसारख्या टोकाने कोरलेली अक्षरं.

मी हे करून बघितलं. माझ्या आजीचं चांदीचं जोडवं, वेढ्यांचं, झिजलेलं, ते मी एका वजनावर दाबलं. सगळा मिळून दोन सेकंदांचा उद्योग. भट्टीतून आल्यावर त्या वेढ्यांच्या रेघा अगदी स्पष्ट, एका जागी जोडवं झिजून सपाट झालंय तेसुद्धा उमटलेलं. आणि मग मला जाणवलं की हा शिक्का मारायला वेगळं हत्यार लागलं नाही, कुंभाराकडे साचा लागला नाही, जे अंगावर होतं तेच वापरलं. बाईच्या अंगावरचे दागिने बाईच्या हत्याराच्या मातीत. ग्रीक शहरांत बायकांबद्दल पुरुषांनी लिहिलेलं भरपूर आहे आणि बायकांनी स्वतः मागे ठेवलेलं फार थोडं, त्या थोड्यात हे ठसे मी धरते.

पण म्हणून प्रत्येक शिक्का म्हणजे मालकिणीची खूण असं मी म्हणणार नाही, अभ्यासकांत यावर मतं वेगवेगळी आहेत आणि मला वाटतं वेगवेगळ्या जागी वेगवेगळी उत्तरं खरी आहेत. काही शिक्के बनवणाऱ्याचे असतील, ज्या शहरात कुंभार वजनं विकायला करत होता तिथे एकाच शिक्क्याची वजनं वेगवेगळ्या घरांत निघणारच. काही खुणा संच वेगळे ठेवायला असतील, दोन बायका एकाच अंगणात विणत असतील तर वजनं मिसळतात, आणि मिसळली की काय होतं ते वर सांगितलंच. आणि काही वजनं देवळात वाहिलेली आहेत. दक्षिण इटलीत सेले नदीच्या मुखाजवळ हेराच्या देवस्थानात एका चौकोनी इमारतीत वजनं मोठ्या संख्येने निघाली, तिथे देवीसाठी वस्त्र विणलं जात असावं असं मानतात. अथेन्समध्ये तर अथेना देवीसाठी वस्त्र विणायची रीतच होती, सणाच्या नऊ महिने आधी ताणा लावायचे.

माझ्याकडून एक विणकराची गोष्ट सांगते जी चित्रं बघून लक्षात येत नाही. एका भोकाचं वजन दोरीवर लटकलं की फिरतं. धाग्याला पीळ असतो, जुडग्याला पीळ पडतो, वजन हळूहळू वळतं आणि नक्षीची बाजू कधी समोर, कधी भिंतीकडे. म्हणून एका भोकाच्या, पिरॅमिडच्या आकाराच्या वजनाच्या बाजूवर चित्र असेल तर ते विणताना बघायला आहे असं मी धरत नाही. पण बऱ्याच पिरॅमिडसारख्या वजनांना वरच्या छोट्या सपाट माथ्यावर फुली किंवा छोटा शिक्का असतो, आणि माथा कितीही फिरला तरी उभ्या बाईला वरून दिसतोच. त्या माथ्यावरच्या खुणा कामाच्या आहेत असं माझं मत आहे, कुठलं वजन कुठल्या ओळीतलं किंवा जड की हलकं हे वाकून न बघता कळावं म्हणून. मी माझ्या जड वजनांच्या माथ्यावर फुली मारलीय आणि ती रोज उपयोगी पडते. दोन भोकांच्या चकत्यांचं वेगळं, त्या दोन्ही भोकांतून बांधल्या तर फिरत नाहीत, तोंड समोर राहतं, आणि दक्षिण इटलीतल्या तारान्तो, हेराक्लिया या ग्रीक वसाहतींच्या भागात नेमक्या अशाच चकत्यांवर चित्रांचे शिक्के मिळतात.

तारान्तोच्याच परिसरातला एक प्रकार माझा सगळ्यात आवडता, इ.स.पू. चौथ्या-तिसऱ्या शतकातला. घुबड. पण त्या घुबडाला माणसाचे हात आहेत आणि ते शेजारच्या टोपलीतली लोकर घेऊन सूत काततंय. आपल्याकडे घुबड दिसलं की म्हातारी माणसं अशुभ म्हणतात, तिथे ते अथेनाचं, आणि अथेना ही हस्तकलांची, विणकामाची देवी. कल्पना करा, रोज सकाळी मागापाशी आलात की खाली देवीचं घुबड तुमच्यासारखंच सूत काततंय.

आणि खरी नक्षी बघायची असेल, नुसता शिक्का नाही तर सगळं अंग भरून कोरलेली, तर इटलीच्या टाचेकडून तळव्याकडे या, कालाब्रियात फ्रांकाविल्ला मारित्तिमा गावाजवळ तिम्पोने देला मोत्ता नावाची टेकडी आहे. तिथे ग्रीक वसाहत होण्याच्या आधीचे स्थानिक लोक, ओइनोत्री, यांची लाकडी इमारत होती, इ.स.पू. आठव्या शतकातली, आणि नेदरलँड्सच्या ग्रोनिंगेन विद्यापीठाच्या मारियाने क्लाइब्रिंक यांच्या उत्खननात तिच्यात विणकामाची वजनं निघाली. ही वजनं ग्रीक शंकूंपेक्षा कितीतरी मोठी, काही तर किलोच्या आसपास, आणि त्यांच्यावर चौकोनी वळणांची पट्टी, चक्रव्यूहासारख्या वाटा, स्वस्तिक. स्वस्तिक बघून आपल्याला लगेच ओळखीचं वाटतं, पण तिथल्या अर्थाचं आपल्या अर्थाशी नातं जोडायची घाई नको, ती आकृती जगात अनेक ठिकाणी आपापली आलेली आहे आणि आडव्या-उभ्या धाग्यांत काम करणाऱ्या माणसाला ती सहज सुचते. मला तिथे वेगळंच दिसतं. ती चौकोनी वळणं म्हणजे विणकामाच्या काठाची नक्षी आहे. धागा मोजून मोजून जी नक्षी कापडाच्या काठावर येते तीच मातीवर कोरलीय, माती मऊ आहे, तिथे गोल वेल काढता आली असती, कमळ काढता आलं असतं, पण काढणाऱ्या हाताला धाग्याचे काटकोन सवयीचे होते. किलोभराचं वजन म्हणजे जाड धागा किंवा एका वजनाला भरपूर धागे, मोठं भारी कापड, आणि ते ज्या इमारतीत विणलं जात होतं ती साधं घर नसावी असं उत्खनन करणाऱ्यांचंही म्हणणं आहे. रोजच्या घोंगडीला कोणी एवढी कोरीव वजनं करत नाही.

तुर्कस्तानात कोन्याजवळ काराह्योयूकला आणखी जुनी, कांस्ययुगातली, चंद्रकोरीच्या आकाराची वजनं आहेत, दोन टोकांना दोन भोकं, आणि त्यांच्यावर मोहोरांचे ठसे. क्रीटमध्येही कांस्ययुगातल्या वजनांवर मोहोरा उमटवलेल्या मिळतात. म्हणजे ज्या मोहोरेने मालाची गाठोडी आणि कोठारांची दारं बंद केली जात तीच वजनावर. इथे मला घरापेक्षा वाड्याचा, कारभाराचा वास येतो, कोणी किती वजनं दिली, कोणाच्या खात्यातली. चंद्रकोरीच्या दोन भोकांत दोन वेगळे जुडगे बांधता येतात आणि त्यामुळे तिरप्या वीणीचं कापड करायला ती सोयीची पडतात, हे प्रयोगांत दिसलंय.

आता आपल्याकडचं. आपली विणकामाची परंपरा आडव्या मागाची आहे, खड्डामाग, जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं, ताणा समोर लांब पसरलेला. जिथे ताण दोरीने आणि दांड्याने धरलाय तिथे अशी वजनं लागतच नाहीत. म्हणून आपल्या उत्खननांत सापडते ती टकळीची किंवा चातीची मातीची भिंगरी, मध्ये भोक असलेली चकती, सूत कातायची, विणायची नाही. आपल्याकडे जुना पुरावा आहे तो धाग्याचाच, नेवाश्याला पुरातत्त्वज्ञ सांकलियांच्या उत्खननात, 1954 ते 56, ताम्रपाषाण काळातल्या मण्यांच्या माळेत रेशीम आणि कापसाच्या धाग्याचे अंश मिळाले, एवढ्या जुन्या थरात धागा टिकणं हीच मोठी गोष्ट. भोकवाली मातीची वस्तू दिसली की मागाचं वजन असं लगेच लिहू नका, ते मासे धरायच्या जाळ्याचंही असू शकतं, नदीकाठच्या आणि समुद्रकाठच्या वस्त्यांत तर शक्यता तीच जास्त. किती निघाली, कुठे निघाली, भोकाच्या कुठल्या बाजूला झिजलंय, हे बघायचं.

पण एक जवळचं नातं मला दिसतं ते वापरणाऱ्याच्या बाजूने. ग्रीक बाईचा पेपलॉस म्हणजे मागावरून उतरलेला अखंड आयत, न कापता, न शिवता, अंगाभोवती घेऊन खांद्यावर पिन लावायची. आपली साडी, धोतर, उपरणं, घोंगडी, सगळं हेच. मागाचा पन्हा म्हणजेच कपड्याचा पन्हा. म्हणून त्या वजनांच्या ओळीची रुंदी मोजली की अंगावरच्या वस्त्राचं माप मिळतं. घोंगडी विणणाऱ्या सनगरांकडे मी बरेच दिवस बसलेय, ते लोकरीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात म्हणजे तंतू उभे राहत नाहीत आणि धागे एकमेकांत गुंतत नाहीत. उभ्या मागावर माझे लोकरीचे धागे असेच गुंतत होते, फट उघडतच नव्हती, शेवटी मी पण पातळ खळ लावली आणि फट स्वच्छ उघडली. ग्रीक बायका काय लावत होत्या ते मी सांगणार नाही, मला उपाय मिळाला तो सनगरांकडून.

विकत घेण्याबद्दल. घेऊ नका. अशा साइटवर जी सुटी वजनं येतात ती बहुतेक कुठून आली ते कोणी सांगत नाही, आणि वर सगळं वाचलंत तर लक्षात आलं असेल की एकटं वजन जवळपास मुकं आहे. त्याच्या शेजारी किती होती, ओळीत होती की ढिगात, चुलीपाशी की देवळात, शिक्का बाकीच्यांवर तोच होता का, हे गेलं की उरतो तो 120 ग्रॅमचा मातीचा गोळा. एका संचातली 60 वजनं 60 घरांतल्या शोकेसमध्ये गेली की तो माग कायमचा मोडला. ग्रीस, इटली, तुर्कस्तान तिन्हीकडे प्राचीन वस्तू परवान्याशिवाय बाहेर नेणं गुन्हा आहे ते वेगळंच.

त्यापेक्षा स्वतः करा, खरंच सांगते. कुंभाराकडून तयार माती आणा, थोडी बारीक वाळू मिसळा म्हणजे तडकणार नाही, 200 ग्रॅमचे गोळे काट्यावर मोजून घ्या, शंकू करा, ओले असतानाच पेन्सिलीएवढ्या काडीने माथ्याखाली आरपार भोक पाडा आणि काडी फिरवत बाहेर काढा नाहीतर कड फाटते. सावलीत आठवडाभर सुकू द्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नखाने दाबून बघा, नख उमटतंय पण माती चिकटत नाही असं झालं की ती शिक्का मारायची वेळ, त्याआधी मारला तर कडा दबतात आणि उशीर केला तर माती तडकते. आणि भाजायला तिकडे जर्मनीत तुमच्या गावात एखादा मातीकामाचा वर्ग असेलच, त्यांच्या भट्टीत थोडे पैसे देऊन भाजून मिळतात. पहिल्या प्रयोगाला 20 वजनं पुरे, एक वीतभर पन्ह्याची पट्टी होईल. दाराच्या चौकटीला दांडा बांधला तरी चालतं.